प्रति: कर्ज फिटले, आता मोठा समारंभ हवाच का?

घराचे कर्ज फिटण्यासारखा आयुष्यातला मोठा टप्पा थाटामाटाने साजरा केला नाही, तर तो गाठल्याचे समाधान मिळत नाही, असे मूळ पोस्टमध्ये म्हटले आहे. माझा अनुभव मात्र वेगळा आहे. नाशिकमधल्या सिडको वसाहतीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घराचे कर्ज नुकतेच फिटले. ९ टक्के व्याज आणि २० वर्षांची मुदत धरली, तर लाखामागे हप्ता सुमारे ९०० रुपये बसतो आणि पहिल्या महिन्यात त्यातले ७५० रुपये व्याजातच जातात, त्यामुळे सुरुवातीची वर्षे मुद्दल जागचे हलतच नाही. अंबडच्या कारखान्यात मिळणारा दिवाळीचा बोनस आम्ही मुद्दलात भरत गेलो आणि जुनीच स्कूटर वापरली. यात त्याग वगैरे काही नव्हता, कारण घरात कशाची वाण पडली नाही.

फिटल्यावर पेढ्यांचा पहिला पुडा जामीन राहिलेल्या सहकाऱ्याकडे नेला. सासूबाईंनी अडीअडचणीला मोडायला दिलेल्या पाटल्या आता पुन्हा घडवायच्या आहेत; समारंभावरचा खर्च, माझ्या मते, तिथेच व्हावा.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. बँकेकडून थकबाकी नसल्याचा दाखला आणि घराची मूळ कागदपत्रे लगेच मागून घ्यावीत. १ डिसेंबर २०२३ पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ही कागदपत्रे कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत परत द्यावी लागतात आणि बँकेमुळे उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते.