शब्दचर्चा: ‘अणुस्फोट’ नेमका कशाला म्हणावे?

प्रश्न

फुकुशिमा येथील अणुवीज केंद्राविषयीचा एक मराठी मजकूर तपासताना ‘मार्च २०११ मध्ये तेथे अणुस्फोट झाला’ असे वाक्य आढळले. स्फोट झाला होता आणि तो अणुभट्टीच्या इमारतीतच झाला होता, तरीही हे वाक्य खटकते. ते दुरुस्त करावे का? शिवाय ‘रासायनिक स्फोट’ म्हटले की रसायनांच्या कारखान्यातला अपघात डोळ्यांपुढे येतो. सुरुंग, फटाका, तोफगोळा यांनाही हाच शब्द लागू होतो का?

प्रतिसाद

अवश्य दुरुस्त करावे. ‘अणुस्फोट’मधला ‘अणु’ स्फोटाचे ठिकाण सांगत नाही, त्यातली ऊर्जा कोठून आली ते सांगतो. फुकुशिमात त्सुनामीमुळे अणुभट्ट्या थंड ठेवण्याची यंत्रणा बंद पडली, इंधनकांड्यांवरच्या झिर्कोनियमच्या आवरणाची वाफेशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन तयार झाला, तो इमारतीच्या वरच्या भागात साचला आणि १२ मार्चला पहिल्या, तर १४ मार्चला तिसऱ्या अणुभट्टीच्या इमारतीत हवेतल्या ऑक्सिजनबरोबर पेटून त्याचा स्फोट झाला. हा निव्वळ रासायनिक स्फोट आहे. त्यामुळे किरणोत्सर्ग पसरायला वाट मिळाली, पण तेवढ्याने तो अणुस्फोट होत नाही.

याच संदर्भात ‘हायड्रोजनचा स्फोट’ आणि ‘हायड्रोजन बॉम्बचा स्फोट’ हे शब्दप्रयोग एकमेकांच्या जागी मुळीच वापरू नयेत. पहिल्यात हायड्रोजन जळून त्याचे पाणी होते. दुसऱ्यात ड्यूटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या जड समस्थानिकांची केंद्रके, म्हणजे अणूंचे गाभे, एकत्र येऊन हेलियम तयार होतो. पहिल्यात मूलद्रव्ये तीच राहतात आणि फक्त त्यांची जुळणी बदलते, तर दुसऱ्यात मूलद्रव्यच बदलते. रासायनिक आणि केंद्रकीय यांच्यातली खरी सीमारेषा हीच आहे.

टीएनटी या स्फोटकाचा रेणू फुटतो तेव्हा त्यातले कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचे अणू जसेच्या तसे राहतात, केवळ त्यांच्यातले बंध तुटून नवे बंध जुळतात आणि त्या फरकाची ऊर्जा बाहेर पडते. युरेनियम-२३५चे केंद्रक दुभंगते तेव्हा मात्र युरेनियम उरतच नाही. त्याच्या जागी बेरियम-क्रिप्टॉनसारखी हलकी मूलद्रव्ये येतात. योगायोग असा की टीएनटीच्या रेणूचे वस्तुमान २२७ एकके आहे, म्हणजे युरेनियमच्या या अणूच्या जवळपास तेवढेच, आणि त्यामुळे दोहोंची तुलना अगदी सरळ करता येते. टीएनटीच्या एका रेणूतून सुमारे १० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मिळते, तर युरेनियमच्या एका केंद्रकातून सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट. फरक दोन कोटी पटींचा आहे. ‘अणुस्फोट म्हणजे मोठा स्फोट’ ही व्याख्या म्हणूनच अपुरी पडते: आकार हा परिणाम आहे, लक्षण नव्हे.

आकारावरून जाण्यात धोका किती, ते मुंबईच्या इतिहासातच दिसते. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटके व दारूगोळा एकत्र लादलेला होता. आग लागून झालेल्या दोन स्फोटांचे हादरे सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंदले गेले. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूतच्या बंदरात साठवलेल्या सुमारे २,७५० टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला, तेव्हा भूछत्रासारखा ढग पाहून तो अणुस्फोटच असल्याची अफवा उठली. असा ढग तापलेली हवा वेगाने वर चढल्यामुळे तयार होतो. ती कशाने तापली, हे ढगावरून कळत नाही.

आता सुरुंग आणि फटाके. होय, हे सगळे रासायनिक स्फोटच आहेत. फक्त आपण त्यांना तसे म्हणत नाही, ‘दारू’, ‘बार’, ‘सुरुंग’ हे शब्द आपल्याला पुरतात. न फुटलेला फटाका मोडून आतली दारू कागदावर पसरली आणि पेटवली, तर ती भुस्सकन जळून जाते, बार होत नाही. फटाक्याच्या घट्ट गुंडाळलेल्या वेष्टनात तीच दारू जळली की वायूचा दाब साचतो आणि वेष्टन फुटते. टीएनटीसारख्या स्फोटकाला या कोंडमाऱ्याची गरज नसते. त्यातून आघाततरंग सेकंदाला सुमारे सात किलोमीटर या वेगाने जातो. म्हणून काटेकोर लेखनात पहिल्याला ‘जलद ज्वलन’ आणि दुसऱ्याला ‘प्रस्फोट’ म्हणून वेगळे ठेवणे मला योग्य वाटते. बातमीत मात्र एवढ्या काटेकोरपणाची गरज नाही.

आक्षेप

मग ‘अणुस्फोट’ हा शब्दच चुकीचा नाही का? रासायनिक स्फोटातही खटपट अणूंचीच असते, आणि दुसऱ्यात फुटते ते केंद्रक. ‘केंद्रकीय स्फोट’ हाच शब्द का रूढ करू नये? ‘किलोटन’ या शब्दाबद्दलही लिहावे.

प्रतिसाद

तर्काने आक्षेप बिनतोड आहे. परंतु १९७४च्या पोखरण चाचणीचे वर्णन ‘शांततामय अणुस्फोट’ असे झाले तेव्हापासून हा शब्द मराठी वाचकाच्या अंगवळणी पडला आहे, आणि त्याचा अर्थ कोणी चुकीचा लावत नाही. शास्त्रीय लेखात ‘केंद्रकीय’, अन्यत्र ‘अणुस्फोट’ असे ठेवावे. हिंदीतून अनुवाद करणाऱ्यांनी मात्र जपावे: हिंदीत ‘परमाणु’ म्हणजे आपला अणू आणि तिथला ‘अणु’ म्हणजे आपला रेणू.

‘किलोटन’ हे बॉम्बचे वजन नव्हे. एक किलोटन म्हणजे एक हजार टन टीएनटीमधून मिळेल एवढी ऊर्जा. हिरोशिमावर टाकलेल्या बॉम्बचे वजन सुमारे ४,४०० किलो होते आणि त्यात सुमारे ६४ किलो युरेनियम होते. त्यातल्या एक किलोहूनही कमी युरेनियमचे विखंडन झाले, म्हणजे केंद्रके दुभंगली, तरी स्फोट सुमारे १५ किलोटन क्षमतेचा ठरला. म्हणून ‘१५ किलोटनांचा बॉम्ब’ असे न लिहिता ‘१५ किलोटन क्षमतेचा बॉम्ब’ असे लिहावे.

आणखी एक शब्द या चर्चेत यायला हवा, तो म्हणजे ‘अंतःस्फोट’. नागासाकीवरच्या बॉम्बमध्ये सुमारे सहा किलो प्लुटोनियमच्या गोळ्याभोवती दोन टनांहून अधिक रासायनिक स्फोटके रचलेली होती आणि ती एकाच वेळी उडवून तो गोळा चहूबाजूंनी आत दाबला गेला. हा दाबणारा स्फोट रासायनिक होता. अणुस्फोट झाला तो त्यानंतर, आत दाबल्या गेलेल्या प्लुटोनियममध्ये. याउलट साध्या स्फोटकाने नुसतेच किरणोत्सारी पदार्थ उधळणाऱ्या बॉम्बमध्ये हा दुसरा टप्पा येतच नाही, त्यामुळे त्याच्या बातमीला ‘अणुहल्ला’ असा मथळा देऊ नये.