मदत हवी आहे: 'सामना' आवडलेल्या अण्णांना पुढं काय दाखवू?

परभणीच्या उन्हात दुपारी बाहेर पडायची सोय नाही, म्हणून अण्णांसोबत घरीच सिनेमे बघणं चाललंय. जब्बार पटेलांचा 'सामना' त्यांना लई भावला. डॉ. लागू आणि निळू फुले समोरासमोर आले की कूलर बंद करायला लावायचे, शब्द चुकू नये म्हणून! 'सिंहासन' (१९७९) बरा वाटला, पण कोण कुणाच्या गटातला हे सारखं सांगावं लागलं. 'कोर्ट' (२०१४) मला जबरदस्त वाटला, ते मात्र अर्ध्यातच घोरायला लागले. जेवणात पुरणपोळी होती, सगळा दोष सिनेमाचा नाही.

आता गावचं राजकारण, कारखाना, जमीन असल्या विषयावरचं काही सुचवा. संवाद दमदार हवेत. आपल्याकडच्या बोलीतला असेल तर आधी तोच. घरबसल्या कुठं बघायला मिळेल तेही सांगा.