मांजर बाहेर सोडलं म्हणजे पाळलंच नाही?

पडवी:
'मांजर दाराबाहेर सोडणाऱ्याने ते पाळूच नये, असलं मांजर बेवारसच' असं काल इथे कुणीतरी ठणकावून लिहिलं आणि खाली सहमतीची रांग लागली. राजापूरकडचं घर पाहिलंय का कुणी? पुढे ओटी, मागे पडवी, माळ्यावर भात. खिडक्यांना गज आहेत, जाळ्या नाहीत. कोंडायचं कुठे? आमच्या दोघी दिवसभर गोठ्यात, परसात. दिवेलागणीला चुलीपाशी हजर. माळ्यावर उंदीर झाले की मागोमाग धामण येते, कधी नाग. पावसात लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मुतातून होणाऱ्या तापाची, धास्ती वेगळीच. दोघींचं नसबंदीचं ऑपरेशन झालंय, रेबीजची लस दरवर्षी देतो. या बेवारस? फ्लॅटमधली सोय म्हणजेच प्राणिप्रेम, असं ठरवू नका.

चौथा मजला:
ते मीच लिहिलं होतं. आमचा बोका सोसायटीत मोकळा फिरायचा. शेजारच्या इमारतीत उंदरांचं औषध टाकलं आणि याने औषध खाल्लेला उंदीर खाल्ला असणार. या विषाने रक्त गोठायचं थांबतं, पण ते लगेच कळत नाही. दोन-तीन दिवस नेहमीसारखा खेळत होता. मग हिरड्या पांढऱ्याफटक, नाकातून रक्त. डॉक्टरांनी उतारा म्हणून व्हिटॅमिन के-१ सुरू केलं, पण उशीर झाला होता. तुमच्याकडे कुणी विष घालत नाही? लसीचं सांगताय, लस विषावर चालत नाही. गाडीच्या चाकाखालीही चालत नाही.

पडवी:
बोक्याचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण जाब विष टाकणाऱ्याला विचारा. शिक्षा मांजराला का?

उसातला:
मांजरांवर काय भांडता, कुत्र्याचं बोला. आम्ही जुन्नरकडचे. आमचा मोत्या दिवसा शेतात, रात्री अंगणात साखळीला असायचा. बिबट्यानं साखळीसकट ओढला. बांधलेला होता, पळता पण आलं नाही त्याला. उसात बिबट्याच्या माद्या पिल्लं घालतात, ती पिल्लं जंगल बघतच नाहीत. पिंजरा लावून धरतात, माणिकडोहच्या बिबट्या केंद्रात नेतात, तेवढ्यात दुसरा हजर.

चौथा मजला:
मग माझंच म्हणणं खरं ठरलं ना दादा? रात्री आत घ्यायला हवा होता.

उसातला:
आत कुठं? दोन खोल्यांत सहा माणसं. आणि कुत्रं आत झोपलं तर कांद्याची चाळ राखायची कुणी? धनगरांच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो, तो उगाच नाही. बिबट्या नरडं धरतो.

गल्लीबोळ:
पण बिबट्या वस्तीत येतो तोच मोकाट कुत्र्यांसाठी. मुंबईत नॅशनल पार्कच्या कडेला बिबट्यांच्या खाण्यात कुत्र्यांचा मोठा वाटा आहे. कुत्री आवरा, बिबट्या आपोआप लांब राहील.

उसातला:
आपोआप? कुत्रं नसलं तर तो शेळी उचलंल, नाहीतर अंगणातलं पोर. आमच्या तालुक्यात पोरं गेलीत. मुंबईत बसून आम्हाला शिकवू नका. रात्री पाणी द्यायला बांधावर उभे राहा एकदा, कारण पंपाला लागणारी थ्री फेजची लाईट आम्हाला रात्रीचीच मिळते. त्यावर कुणी धागा काढत नाही.

गल्लीबोळ:
दिवसा वीज मिळायला हवी, हे शंभर टक्के मान्य. कुत्र्यांबद्दल मात्र असहमत.

कॅनबेरावासी:
आमच्याकडे 1 जुलै 2022 पासून जन्मलेलं प्रत्येक मांजर घरात किंवा बंदिस्त अंगणातच ठेवावं लागतं, तसा कायदाच आहे. जाळीदार पिंजऱ्यात ऊन खातात, सुखी असतात. मोकळी मांजरं पाखरं आणि सरडे संपवतात.

पडवी:
ऑस्ट्रेलियात मांजर गोऱ्यांनी नेलं, तिथल्या पाखरांना ते ठाऊकच नव्हतं. आमच्या रानात रानमांजर आणि वाघाटी (छोटं रानटी मांजरच) आधीपासून आहेत. तिकडचा कायदा राजापुरात कशाला?

सोनचाफा:
पडवीकाका, रानमांजर आहे म्हणूनच जास्त जपायला हवं. घरच्या मांजरांशी त्यांचा संकर होऊ शकतो. आणि पाळीव प्राण्यांचे रोग रानात जातात. 2018 मध्ये गीरमध्ये वीसहून जास्त सिंह दगावले, त्यांच्यात डिस्टेंपरचा विषाणू सापडला. तोच कुत्र्यांना होतो. फक्त रेबीजची लस देऊन भागत नाही, बाकीच्याही द्या.

पडवी:
बरं. बाकीच्या लसी तालुक्याला विचारतो. रात्री दोघी आतच असतात, हेही लिहून ठेवा. दिवसा मात्र कोंडणार नाही.

चौथा मजला:
ऑपरेशन आणि लस केलेल्यांना बेवारस म्हणणार नाही, एवढंच. दिवसा सोडणं मला आजही पटत नाही, आणि बोका गेल्यावर पटणारही नाही.

पडवी:
उसातले दादा, तो खिळ्यांचा पट्टा कुठे मिळतो? वाडीत परवा बिबट्या दिसलाय, पुतण्याचा कुत्रा रात्री मोकळाच असतो.

उसातला:
आमच्याकडं आठवडी बाजारात मिळतो. गळ्याचं माप घेऊन ठेवा. पण पट्ट्यावर विसंबू नका, रात्री गोठ्याचं दार लावून आत घ्या त्याला.