इंग्रजीचा व्हिडिओ घरी, संभाषण वर्गात. पण घरी मोबाइल कुणाच्या हातात?

कळव्याचे मास्तर: काल येथे एका सदस्याने लिहिले की मुलांनी इंग्रजीचे व्याकरण रात्री व्हिडिओवर पाहून यावे, वर्गात फक्त बोलावे आणि जे शिक्षक असे करत नाहीत ते कामचुकार आहेत. तो शेवटचा शब्द झोंबला, म्हणून सविस्तर लिहितो. मी मराठी माध्यमाच्या आठवीला इंग्रजी शिकवतो आणि हा प्रयोग गेल्या वर्षी तीन महिने करून बसलो आहे. बहुतेक घरांत मोबाइल एकच. तो वडिलांबरोबर कामावर जातो आणि रात्री दहाला परततो तेव्हा डेटा संपलेला असतो. सकाळी ‘पाहिला का?’ असे विचारले की सगळे हात वर, आणि पहिल्या प्रश्नाला सगळ्या माना खाली. मग तोच धडा पुन्हा फळ्यावर. या पद्धतीसाठी ज्या बर्गमन आणि सॅम्स या अमेरिकी शिक्षकांचा दाखला दिला जातो, ते २००७ मध्ये कोलोरॅडोत रसायनशास्त्र शिकवत होते आणि त्यांनी तास बुडालेल्या मुलांसाठी चित्रफिती केल्या होत्या. रसायनात स्पष्टीकरण वेगळे, प्रयोग वेगळा. भाषेत शिक्षकाने मुलाकडे पाहून इंग्रजीत बोलणे हाच प्रयोग असतो.

ऐरोलीच्या बाई: मास्तर, आपला राग समजला, हिशेब समजला नाही. तास ३५ मिनिटांचा आणि मुले ६०. आपण तोंड उघडलेच नाही तरी प्रत्येकाच्या वाट्याला ३५ सेकंद येतात. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरीही दहावी झालेले मूल बँकेच्या खिडकीवर एक वाक्य बोलताना घाबरते, ते यामुळेच. मी पाच मिनिटांचा व्हिडिओ आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवते, ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांना मधल्या सुट्टीत शाळेच्या संगणकावर दाखवते आणि तासाला ३० जोड्या एकाच वेळी बोलायला बसवते. गोंगाट होतो, शेजारच्या वर्गातून तक्रारही आली आहे.

वाशीचा पालक: व्हिडिओचे राहू द्या, त्या उच्चार तपासणाऱ्या ॲपचे बोला. माझी पाचवीतली मुलगी ‘पिन’ म्हणत होती आणि ॲप ‘बिन’ लिहीत होते. अकरा वेळा लाल खूण आल्यावर ती रडत उठून गेली. आमच्याच पैशांनी आमच्या लेकीला न्यूनगंड!

ऐरोलीच्या बाई: ॲप चुकलेले नाही. इंग्रजी शब्दाच्या आरंभीच्या ‘प’बरोबर हवेचा झोत सुटतो, आपल्या ‘प’बरोबर सुटत नाही, त्यामुळे इंग्रजी कानाला आपला ‘प’ कित्येकदा ‘ब’ वाटतो. तोंडासमोर कागदाची पट्टी धरावी. ‘पिन’ म्हणताना ती हलली पाहिजे.

वाशीचा पालक: म्हणजे आता आम्ही ‘फिन’ म्हणायचे? वीस वर्षे मी चेन्नई आणि लुधियानाच्या माणसांशी याच ‘प’ने इंग्रजी बोलतो आहे, पिन मागितल्यावर आजवर कुणी कचऱ्याचा डबा आणून दिलेला नाही.

ऐरोलीच्या बाई: ‘फ’ नव्हे, ओठ पूर्ण मिटून हवेसह ‘प’. समोरासमोर पिन मागताना टेबल आणि हातवारे मदतीला असतात, परदेशी ग्राहकाच्या फोनवर नसतात. आणि अकरावी लाल खूण येईपर्यंत मुलीशेजारी कोण बसले होते, हेही सांगावे.

वाशीचा पालक: मीच बसलो होतो, कुर्ल्याहून हार्बरने लटकत आल्यावर. आपली सहानुभूती पोहोचली.

कळव्याचे मास्तर: भांडण आवरा आणि एवढे पाहा: अकरा वेळा चूक दाखवणाऱ्या ॲपने पट्टी धरायला एकदाही सांगितले नाही, ते बाईंनी सांगितले. मुद्दा माझाच सिद्ध झाला. मात्र बाईंचा हिशेब डोक्यातून जाईना, म्हणून आज तासाला घड्याळ लावले. मी २९ मिनिटे बोललो. आनंद साजरा करावा. सोमवारपासून मीही जोड्या लावणार आहे, पण व्हिडिओशिवाय. आदल्या दिवशी पुस्तकातले एक पान वाचून यायचे. हार्वर्डमध्ये प्राध्यापक माझूर यांनी १९९०च्या दशकात पदार्थविज्ञानाच्या वर्गात हेच केले: घरून वाचून या, वर्गात शेजाऱ्याशी वाद घाला.

ऐरोलीच्या बाई: हार्वर्डच्या मुलांना पानावरचे शब्द उच्चारता येत होते, मास्तर. आपल्या आठवीला ते पान आधी कुणीतरी वाचून दाखवावे लागेल आणि त्यासाठी आपण आवाज ध्वनिमुद्रित करून पाठवालच. तो साध्या फोनवरही ऐकवता येतो, हे सोयीचे पडेल.

कळव्याचे मास्तर: आवाज पाठवीन. त्याला व्हिडिओ म्हणू नये, एवढीच विनंती.

वाशीचा पालक: बाई, पट्टी वहीच्या कागदाची घेतली तर मुळीच हलत नाही. वर्तमानपत्राची चालेल का?