ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी : संवर्धित, विस्तारित की आणखी काही?

प्रश्न : हाताने जुळणी करणाऱ्या कामगारांना एक चष्मा देणार आहेत, त्याची माहितीपुस्तिका मराठीत करतोय. ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटीला (म्हणजे समोरच्या खऱ्या दृश्यावर संगणकाच्या खुणा चढवण्याच्या तंत्राला) 'संवर्धित', 'विस्तारित' आणि 'वर्धित वास्तव' असे तीन शब्द सापडले. कुठला घ्यावा? आणि मॅन्युअल असेंब्लीला 'हस्तचालित जुळणी' चालेल का?

प्रतिसाद : 'संवर्धित' नको. वनसंवर्धन, मत्स्यसंवर्धन ऐकलेल्या कानाला ते जपलेलं, जोपासलेलं वास्तव वाटतं. 'विस्तारित' एक्स्टेंडेड रिअ‍ॅलिटीसाठी, म्हणजे ऑगमेंटेड, व्हर्च्युअल अशा सगळ्या प्रकारांच्या एकत्रित नावासाठी, राखून ठेवा. उरला 'वर्धित'. अर्थाने बरोबर, पण कोरडा.

मला इथे व्याकरणातला आगम आठवतो. संस्कृतात 'गच्छति'चा भूतकाळ 'अगच्छत्' होतो. पुढे येऊन बसलेल्या त्या 'अ'ला अडागम म्हणतात, आणि इंग्रजी व्याकरणं त्याच 'अ'ला ऑगमेंट म्हणतात! वैयाकरणांचं जुनं वचन आहे : मित्रवदागमः, शत्रुवदादेशः. आगम मित्रासारखा शेजारी येऊन बसतो, कोणाला उठवत नाही. आदेश शत्रूसारखा आधीच्याला हुसकून त्याची जागा घेतो. ऑगमेंटेड आणि व्हर्च्युअल (पूर्ण आभासी) यांतला फरक नेमका हाच. पहिल्यात टेबल, बोल्ट, आपले हात सगळं जागच्या जागी असतं, वर फक्त एखादी खूण चढते. दुसऱ्यात टेबलच गायब. स्वतःचा हात दिसेना तर पाना कुठे लावणार? 'आगमवास्तव' कोणी म्हणणार नाही, ठाऊक आहे. 'वर्धित' घ्या, पण समजावताना आगम सांगा.

दुसरा प्रतिसाद : मूळ इंग्रजी शब्द जन्मला कुठे तेही बघा. टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल या बोइंगमधल्या दोघांनी तो १९९२च्या निबंधात मांडला. विमानातल्या तारांचे जुडगे, म्हणजे हार्नेस, लांबलचक फळ्यांवर हातानेच बांधत. तारेची वाट फळीवर आखलेली, त्यामुळे जुडगा बदलला की फळी वेगळी. यांचं म्हणणं, फळी कोरीच ठेवू आणि वाट डोळ्यांपुढच्या पडद्यातून दाखवू. व्हिडिओ गेमनी तो शब्द नंतर उचलला, मुळात तो हातकामाचाच.

'हस्तचालित' मात्र नको. हाताने चालतं ते यंत्र, जुळणी कुठे चालते? 'हातजोडणी' म्हणाल तर कामगार नमस्कार करतील. शिवाय जोडणी म्हणजे दोन टोकं सांधणं, नळजोडणी म्हणतो तसं. सुटे भाग आपापल्या जागी बसून एक वस्तू उभी राहते ती जुळणी. छापखान्यात खिळे वेचून अक्षरजुळणी व्हायची, तीही हातानेच. 'हातजुळणी' म्हणा.

प्रश्नकर्ता : पटलं. आणि 'रजिस्ट्रेशन'? मी सगळीकडे 'नोंदणी' लिहून बसलोय.

पहिला प्रतिसादक : खोडा, आधी खोडा! नोंदणी कार्यालयात होते. इथलं रजिस्ट्रेशन म्हणजे दाखवलेली खूण खऱ्या वस्तूवर अचूक बसणं. समजा, गोल तबकडीवर आठ भोकं आहेत आणि हिरवं कडं तिसऱ्या भोकावर दिसायला हवं. मान वळवली आणि कडं बोटभर सरकलं की ते चौथ्यावर. बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी आवळायचे असतील तर क्रम तिथेच बिघडला, आणि कामगाराला वाटतं, चष्मा सांगतोय तेच बरोबर. बहुरंगी छपाईत रंग एकावर एक नीट न बसणं हा याचाच भाऊ. 'मेळ' म्हणा. मेळ बसतो, मेळ सुटतो, क्रियापदंही आपोआप मिळतात.

हा मेळ व्याख्येतच आहे. या क्षेत्रातले संशोधक रोनाल्ड अझुमा यांनी १९९७ साली तीन अटी घातल्या : खरं आणि आभासी एकत्र, प्रतिसाद तत्क्षणी, आणि त्रिमितीत मेळ. त्यामुळे प्रोजेक्टरने नेमक्या भोकावर टाकलेला प्रकाशही यात बसतो, चष्मा नसला तरी. उलट, नुसत्या कोपऱ्यात सूचनापत्र दाखवणारा चष्मा बसत नाही. हा काथ्याकूट नव्हे. २००३मध्ये ठोकळ्यांच्या जुळणीवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात सूचना थेट वस्तूवर चढवल्यावर चुका ८२ टक्क्यांनी घटल्या, विशेषतः एका चुकीवर दुसरी चढत जाते त्या.

प्रश्नकर्ता : आत्ता चष्मा लावून पाहिला. चित्र उजव्या कोपऱ्यात, मान कशीही वळवा, तिथेच. म्हणजे पुस्तिकेचं शीर्षकच बदलावं लागणार. 'डोळ्यापुढचं सूचनापत्र' कसं वाटतं?