मुंबईला लोकल आधी, कोलकात्याला मेट्रो आधी: असं उलटं का?

तापीकाठ (भुसावळ)
राम राम मंडळी. वाचनालयातल्या प्रदर्शनासाठी मुंबई आणि कोलकात्याच्या शहरी रेल्वेचा तक्ता करतोय. हावड्याची गाडी नागपूरमार्गे जावो की जबलपूरमार्गे, भुसावळ तिला चुकत नाही, म्हणून हीच दोन शहरं घेतली. पण एक गणित सुटत नाही. विजेची लोकल मुंबईत १९२५ ला आली, कोलकात्याकडे १९५७ ला. मेट्रो मात्र कोलकात्यात १९८४ ला आणि मुंबईत थेट २०१४ ला. बत्तीस वर्षं पुढे असलेलं शहर तीस वर्षं मागे कसं पडलं? दुसरं म्हणजे १५०० व्होल्ट, ७५० व्होल्ट, २५ हजार व्होल्ट ही भानगड आठवी-नववीच्या पोरांना कशी समजावून सांगू?

वाघूर
भाऊ, तक्ता बाजूला ठेवा आणि आधी दोन्ही शहरांचे नकाशे शेजारी शेजारी लावा. मुंबई उत्तर-दक्षिण अशी लांबट, आणि जीआयपी (आजची मध्य रेल्वे) व बीबीसीआय (आजची पश्चिम रेल्वे) या दोन्ही जुन्या कंपन्यांचे रूळ तिच्या लांबीनेच आत शिरतात. व्हीटी आणि चर्चगेटला उतरलं की फोर्टातली कचेरी पायी गाठता येते. बाहेरगावच्या गाड्यांसाठी टाकलेली लाइनच शहराची लोकल झाली. विरारहून बॅक बेपर्यंत उपनगरी गाडी १८६७ लाच धावली होती.

कोलकात्यात हे जमलंच नाही. हावडा हुगळीच्या पलीकडच्या काठावर आणि सियालदह पूर्वेला. मधला डलहौसी, एस्प्लनेड, चौरंगी हा कामधंद्याचा पट्टा रेल्वेविना राहिला. तो भार ट्राम आणि बसनी ओढला. म्हणून तिथे जमिनीखालून जाणं ही गरज होती. मेट्रोचं काम १९६९ मध्ये हाती घेतलं, २९ डिसेंबर १९७२ ला इंदिरा गांधींनी पायाभरणी केली आणि २४ ऑक्टोबर १९८४ ला एस्प्लनेड ते भवानीपूर हा ३.४ किमीचा तुकडा सुरू झाला. दमदम ते टॉलीगंज सलग व्हायला १९९५ उजाडलं.

पैसा आणि राजकारण दोन्हीकडे होतंच, पण मुंबईत लोकल आहे ना, भागतंय, हे म्हणणं फार वर्षं चाललं. मुंबईत कमतरता होती ती पूर्व-पश्चिम जाणाऱ्या रेल्वेची. पहिली मेट्रो वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर अशी आडवी निघाली ती त्यामुळेच.

लोकोशेड_आप्पा
व्होल्टचं गणित फळ्यावर एका ओळीत बसतं: शक्ती भागिले व्होल्ट म्हणजे करंट. गाडीला ३००० किलोवॅट लागतात असं धरा. १५०० व्होल्टला २००० अँपिअर, ७५० ला ४००० (या दोन्ही डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज), आणि २५ हजाराला १२० (ही एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी वीज; तिच्यात पॉवर फॅक्टरमुळे थोडा जास्त, पोरांना ते नका सांगू). करंट वाढला की तार जाड लागते आणि लांब गेल्यावर व्होल्टेज पडतं. म्हणून डीसीला दर काही किलोमीटरवर सबस्टेशन, एसीला तीस-चाळीस किलोमीटरवर एक चालतं.

खान्देशातल्या जुन्या प्रवाशांना हे वेगळं सांगायला नको. इगतपुरीला इंजिन बदलायचं ते याचसाठी: मुंबईकडून तिथपर्यंत तेव्हा १५०० डीसी, पुढे आपल्याकडे २५ हजार एसी.

मग मुंबईने डीसी सोडायला इतका वेळ का घेतला? तारेत वीज बदलून भागत नाही. दोन्ही विजेवर चालणाऱ्या लोकल आधी आणाव्या लागतात, इन्सुलेटर बदलावे लागतात, सिग्नल आणि टेलिफोनच्या तारांत येणारा गोंगाट आवरावा लागतो. सगळ्यात छळतात ते जुने पूल. २५ हजार व्होल्टला तार आणि पुलाच्या पोटात जास्त मोकळी जागा हवी. एक तर रूळ खाली घ्या, नाहीतर पूल पाडा. मुंबईतला हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडला त्यामागे हेही कारण होतं. पश्चिम रेल्वे डीसीतून २०१२ ला मोकळी झाली, हार्बर मार्ग २०१६ ला. गंमत बघा, १९२५ मध्ये पहिली विजेची गाडी हार्बरवरूनच कुर्ल्याला गेली होती आणि डीसी सर्वांत शेवटी तिथूनच गेली.

कोलकाता मेट्रोत ७५० व्होल्टचा तिसरा रूळ आहे. वर तार नसली की बोगदा बुटका चालतो, खोदाई वाचते. मात्र जिवंत रूळ खालीच असल्यामुळे वीज बंद केल्याशिवाय कुणालाही मार्गात उतरवता येत नाही.

पांझरा_धुळे
ट्राम विसरू नका. घोड्याची ट्राम कोलकात्यात १८७३, मुंबईत १८७४. विजेची १९०२ आणि १९०७. मुंबईची ३१ मार्च १९६४ ला बंद झाली. कोलकात्याची १८७३ ची सेवा मात्र त्याच वर्षी गुंडाळली होती, नवी कंपनी १८८० ला आली. अखंड दीडशे वर्षं असं लिहू नका, कुणीतरी पकडेल.

तापीकाठ (भुसावळ)
आप्पा, फळ्याचं गणित फर्मास. अजून एक: ३.४ किमीला एवढी वर्षं का लागली?

गिरणा_सिव्हिल
जमिनीमुळे. मुंबईखाली बहुतेक बेसॉल्ट, कोलकात्याखाली नदीचा गाळ, मऊ चिकणमाती आणि हाताशी पाणी. पहिला मार्ग बहुतांश रस्ता उकरून केला. आधी दोन्ही कडांना खोल चर घ्यायचा, तो ढासळू नये म्हणून बेंटोनाइट या फुगणाऱ्या मातीचा पातळ चिखल भरायचा, त्यात सळयांचा पिंजरा सोडायचा आणि नळीने तळापासून काँक्रीट ओतत चिखल वर काढायचा. झाल्या दोन भिंती. मग मधली माती काढत प्रत्येक टप्प्यावर आडवे लोखंडी टेकू द्यायचे. टेकू उशिरा पडला तर भिंत आत झुकते आणि शेजारच्या इमारतीला तडे जातात. खाली बोगद्याची काँक्रीटची पेटी बांधून झाली की वर माती, मग रस्ता. त्यात जुन्या पाण्याच्या आणि मैल्याच्या वाहिन्या सरकवण्यातच वेळ जातो. बेलगाछिया–श्यामबाजार भागात वर रेल्वे यार्ड आणि कालवा असल्याने उकरता आलं नाही. तिथे माती तोलून धरणारी पोलादी ढाल पुढे ढकलत, दाबाची हवा भरून पाणी रोखत बोगदा केला.

बोगदायंत्र आलं तरी गाळ तोच. ३१ ऑगस्ट २०१९ ला कोलकात्याच्या नव्या पूर्व-पश्चिम मेट्रो मार्गाच्या यंत्राला बऊबाजारखाली पाण्याचा थर लागला, पाण्याबरोबर माती वाहून आली आणि वरची घरं खचली. हुगळीखालचा सुमारे ५२० मीटरचा तुकडा मात्र नीट पार पडला होता.

तक्त्यात गेजचा (दोन रुळांमधल्या अंतराचा) रकाना ठेवा. दोन्हीकडच्या लोकल १६७६ मिमी, कोलकात्याची उत्तर-दक्षिण मेट्रोही तीच. पूर्व-पश्चिम मार्ग आणि मुंबईची मेट्रो मात्र १४३५. त्यामुळे एस्प्लनेडला प्रवासी मार्ग बदलू शकतो, डबे नाही, आणि दोन्ही मार्गांना कारशेड वेगळी लागते.