डिस्चार्जनंतर आरटी-पीसीआर परत पॉझिटिव्ह

निपाणी: कोविडचा पेशंट घरी आला, ताप-खोकला नाही. तीन आठवड्यांनी चाचणी परत पॉझिटिव्ह. पुन्हा वेगळं ठेवायचं का?

खानापूर: घाबरू नका, दादा. ही चाचणी आरएनएचे, म्हणजे विषाणूच्या जनुकीय साहित्याचे, तुकडे शोधते. विषाणू जिवंत की मेलेला हे तिला कळत नाही. तुकडे 90 दिवसांपर्यंत सापडू शकतात. सौम्य आजारात 10, गंभीर आजारात साधारण 20 दिवसांनंतर लागण सहसा पसरत नाही. नुसत्या रिपोर्टसाठी म्हाताऱ्या माणसाला बेळगावला हेलपाटे घालायला लावू नका, कृपा करून.

चिकोडी: कॅन्सरची केमो चालू असेल किंवा किडनी बदललेली असेल तर मात्र डॉक्टरांना विचाराच; अशांच्या अंगात जिवंत विषाणू महिनोन्‌महिने राहू शकतो. निगेटिव्हही तपासून घ्या: स्वॅब नाकपुडीत वरवर फिरवला, नमुना 2 ते 8 अंशांत ठेवला नाही, तर रिपोर्ट फसवा येतो.